नोकरीतला जाच, आणि तक्रार केल्यावरचा सूड

(ज्येष्ठ मंडळाच्या मासिक सभेत आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय देवळात कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या साहाय्य निधीकडे अलीकडे आलेले अर्ज बघा. आजारपणाचे आहेत, अंत्यविधीच्या खर्चाचे आहेत, आणि काही अर्ज असे आहेत की साहेबाविरुद्ध तोंड उघडलं आणि महिन्याभरात नोकरी गेली. अशा मुलामुलींना घरातून एकच सल्ला मिळतो: सहन कर, व्हिसा आहे, घराचे हप्ते आहेत. सल्ला मायेचाच असतो. पण कायद्याला मुदती असतात, आणि सहन करण्यात त्या निघून जातात. म्हणून हे आधी आपण वडीलधाऱ्यांनी समजून घ्यायचं.

पहिली गोष्ट कडू आहे. साहेब खडूस आहे, सगळ्यांवरच ओरडतो, एवढ्याने कायदा मोडत नाही. जाच तुमच्या धर्मावरून, वर्णावरून, मूळ देशावरून, बाई असण्यावरून, अपंगत्वावरून किंवा चाळिशीपुढच्या वयावरून होत असेल, तर कायदा मध्ये येतो. उच्चारांची रोज नक्कल, डब्याच्या वासावरून टोमणे, ‘आता घरी बसा आजोबा’ असं वारंवार ऐकवणं हे त्यात येऊ शकतं. एखादा शब्द सहसा पुरत नाही. सतत चाललेलं किंवा फार गंभीर असावं लागतं.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याला कंपनीत किमान १५ माणसं लागतात, वयाबद्दलच्या केंद्रीय कायद्याला २०. आपल्या न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा मात्र लहान दुकानालाही लागू आहे. सत्तरीपुढच्या माणसाला केवळ वयामुळे नोकरी नाकारण्याची जी सूट मालकांना होती, तीही राज्याने २०२१ मध्ये काढून टाकली. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला जाणाऱ्या आपल्या मावश्या-काकूंसाठी जुलै २०२४ पासून घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदा आहे.

आता सूड. केंद्राच्या आयोगाकडे, म्हणजे ज्याला इथे सगळे ईईओसी म्हणतात तिकडे, येणाऱ्या तक्रारींपैकी अलीकडच्या वर्षांत सुमारे निम्म्या तक्रारींत सूड घेतल्याचा आरोप असतो. शीला व्हाइट यांचा खटला सांगतो. नाव आपल्यातलं वाटेल, पण बाई टेनेसीतल्या. १९९७ साली मेम्फिसच्या रेल्वे यार्डात लागल्या, फोर्कलिफ्ट चालवायच्या. त्या विभागात त्या एकट्याच बाई. मुकादम म्हणायचा, हे बायकांचं काम नाही. त्यांनी तक्रार केली. मुकादमाला १० दिवस निलंबित केलं, पण बाईंनाही फोर्कलिफ्टवरून काढून रुळांच्या अंगमेहनतीच्या कामावर घातलं. त्या आयोगाकडे गेल्या, तर उद्धटपणाचा ठपका ठेवून ३७ दिवस बिनपगारी घरी बसवलं, ऐन नाताळात. पुढे ठपका खोटा ठरला, पगारही परत मिळाला. मग कंपनी म्हणाली, हुद्दा तोच, पगार तोच, बुडालेले पैसेही दिले, नुकसान कुठे झालं? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. सामान्य माणूस तक्रार करायला कचरेल असं काहीही मालकाने केलं, तर तो सूड. ज्युरीने दिलेली ४३,५०० डॉलरची भरपाई कायम राहिली.

आणखी एक. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही, तरी ती प्रामाणिक समजुतीने केली असेल तर सूडापासून संरक्षण मिळतं. नवराबायको एकाच ठिकाणी कामाला असतील आणि एकाने तक्रार केली म्हणून दुसऱ्याला काढलं, तर तोही सूडच.

मुदती मात्र पाठ करा. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस, ईईओसीकडे न्यू जर्सीत ३०० दिवस, राज्याच्या न्यायालयात थेट जायचं तर दोन वर्षं. कंपनीचा गैरव्यवहार उघड केल्याबद्दल सूड घेतला असेल, तर त्या वेगळ्या कायद्याखाली एकच वर्ष. ‘एचआर चौकशी करतंय, बघू’ म्हणून थांबलं की मुदत थांबत नाही. ईईओसीकडे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्यांचं दाव्याच्या परवानगीचं पत्र आलं की ९० दिवसांत केंद्रीय न्यायालयात जावं लागतं. ते पत्र देव्हाऱ्याखाली ठेवून विसरू नका.

तक्रार लेखी करा. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे घरच्या वहीत लिहा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. स्वतःचं संभाषण ध्वनिमुद्रित करायला न्यू जर्सीत समोरच्याची संमती लागत नाही. डेलावेर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की लागते, तिथे तो गुन्हा ठरू शकतो!

एच-वन-बीवाल्यांची भीती खरी आहे. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ आधी संपत असेल तर तेवढेच. पण कामगार खात्याकडे डब्ल्यूएच-४ अर्जाने एक वर्षाच्या आत तक्रार करता येते, आणि तिच्याबद्दल सूड घ्यायला बंदी आहे. ‘इमिग्रेशनला कळवीन’ ही धमकी देऊन कामगाराचे हक्क दाबणाऱ्या मालकाला आपल्या राज्यात दंड होतो.

आणि चाळिशीपुढच्या कोणालाही काढताना पैशांच्या बदल्यात वयाबद्दलचे हक्क सोडण्याचा कागद पुढे केला, तर विचाराला किमान २१ दिवस द्यावे लागतात, अनेकांना एकदम काढलं तर ४५. सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. त्याच दुपारी पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर सही करायची गरज नाही.

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आरतीनंतर तळमजल्यावरच्या वाचनालयात आपले दोन स्वयंसेवक बसतील. ते वकील नाहीत. कागद लावून देतील, अर्ज वाचून मराठीत समजावतील, वकिलाकडे सोबत येतील. नावं बाहेर जाणार नाहीत. वकिलाच्या पहिल्या भेटीची फी साहाय्य निधीतून देण्याचं विश्वस्तांनी मान्य केलं आहे, तेव्हा या महिन्यात दानपेटीत टाकताना पाकिटावर ‘साहाय्य निधी’ लिहा. ज्यांना गाडी चालवून कोणाला ट्रेंटनला किंवा न्यूअर्कला नेता येईल, त्यांनी बाहेरच्या वहीत नाव द्यावं.