अनोळखी मंत्राची ओळख



मंत्र म्हटलं की आपल्याला विंचू उतरवणारा मांत्रिक आठवतो, नाहीतर गळ्यातला तावीज. आज ज्या मंत्रांविषयी बोलायचं आहे, ते एका खेळातले आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचं नाव. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून तो बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. नशिबाचा कौल वीस बाजूंचा फासा देतो. आपल्याकडची कॉलेजातली मुलंही आता हा खेळ खेळतात.

त्यातली एक अडचण मला कवी म्हणून जवळची वाटते. समोरचा मांत्रिक ओठ हलवतो, बोटं फिरवतो, चिमटीत काहीतरी धरतो. त्याचा मंत्र कोणता, हे ओळखायचं कसं?

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत याचं गणित आहे. मंत्राच्या पायरीत १५ मिळवायचे. आगीचा गोळा तिसऱ्या पायरीचा, म्हणजे १८ हवेत. तुमच्या पात्राची मंत्रविद्या ७ गुणांची असेल, तर फाशावर ११ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. निम्मी आशा, निम्मी निराशा. चुकलात तर त्या वेळेपुरती दुसरी संधी नाही. मात्र मंत्राचे शब्द ऐकू यायला हवेत, नाहीतर हातवारे तरी दिसायला हवेत.

हे झालं पुस्तकातल्या मंत्रांचं. पण एखाद्यानं स्वतःच मंत्र रचला तर? खेळात ती मुभा आहे. आज छापील असलेल्या कित्येक मंत्रांवर जुन्या खेळाडूंच्या पात्रांची नावं आहेत. मॉर्डेनकायनेन हे खुद्द गायगॅक्स यांचं पात्र. त्यांच्या मुलाच्या 'अर्नेस्ट' या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवली की 'टेन्सर' होतं. 'ड्रॉमिज' उलटं वाचलं की 'जिम वॉर्ड'. एका मेजावरच्या पात्रांची नावं अशी जगभरच्या मेजांवर पोचली.

पेच असा की, नवा मंत्रही त्याच १८ आकड्यांत ओळखता आला, तर रचणाऱ्याच्या मेहनतीला अर्थ काय? आणि तो कधीच ओळखता येत नसेल, तर समोरच्यानं वर्षानुवर्षं केलेला अभ्यास फुकट का जावा? त्याच आवृत्तीत जगावेगळा जादूई परिणाम समजून घ्यायला ३० किंवा त्याहून जास्त लागतात. आपल्या ७ गुणांच्या मांत्रिकाला फाशावर वीस पडले तरी बेरीज २७. म्हणजे दार बंदच.

मला वाटतं, उत्तर घराण्यात आहे. या खेळात मंत्रांची आठ घराणी आहेत: रक्षणाचं, बोलावून आणण्याचं, गूढ जाणण्याचं, मोहिनीचं, ऊर्जेच्या माऱ्याचं, भासाचं, मृत्यूचं आणि रूपांतराचं. मंत्र नवा असला तरी तो कुठल्यातरी घराण्यातच जन्मतो. गझलेच्या मैफलीत श्रोत्यानं तो शेर कधी ऐकलेला नसतो. पण मतला कानावर पडला की रदीफ-काफिया कळतो, आणि पुढच्या शेराचा काफिया श्रोता कवीच्या आधी उच्चारतो. शेर मात्र कवीचाच राहतो. तसं, जाणकाराला घराणं कळावं, पायरीचा अंदाज यावा. मंत्राचं नाव आणि मर्म लगेच कळू नये. दुसऱ्यांदा तोच मंत्र समोर आला, की ओळख थोडी सोपी व्हावी. हा न्याय दोघांनाही पुरतो.

२०१७ साली आलेल्या एका पुरवणी पुस्तकात आणखी एक गंमत आहे. दुसऱ्याचा मंत्र चालू असतानाच तो ओळखायचा, तर त्या फेरीतली तुमची प्रतिक्रिया खर्च होते. आणि तो हाणून पाडायलाही तीच प्रतिक्रिया लागते! म्हणजे ओळखायचं की अडवायचं, एकच काहीतरी. ओळखत बसलात तर मंत्र अंगावर येतो. न ओळखता अडवलात, तर कदाचित तो निरुपद्रवी दिवा लावण्याचाच मंत्र असतो.

श्रोतेहो, खेळ बाजूला ठेवला तरी हा प्रश्न उरतो. अनोळखी शब्द, अनोळखी पोशाख, अनोळखी नाव समोर आलं, की आपण एक तर घाईनं त्याला जुनं लेबल चिकटवतो, नाहीतर न ऐकताच अडवतो. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याचं नाव ऐकून 'तुम्ही मराठीत लिहिता?' असं विचारणारे भेटतात. त्यांना मी म्हणतो, आधी ऐका तर. दोन ओळी झाल्या की घराणं आपोआप कळतं.