पालक हा शाळेचा पाहुणा नव्हे



कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकावर दरमहा एक रुपया दंड बसविण्याची तरतूद होती. त्याआधी ३५ वर्षे, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी मांडली होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांना शाळेत आणण्यासाठी सक्ती आवश्यकच होती. तथापि त्या कायद्याच्या दृष्टीने पालक म्हणजे मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणून सोडणारा माणूस. दाराच्या आत त्याला काम नव्हते.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने पालकाला दाराच्या आत घेतले. सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान मिळावे, असे त्याचे २१ वे कलम सांगते. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कामे होत. दंड भरणारा पालक शंभर वर्षांच्या आत कारभारी झाला. हे स्थित्यंतर लहान नाही.

परंतु कायद्याने दिलेली सत्ता आणि हातात आलेली सत्ता यांत अंतर असते. अनेक गावांत समिती केवळ फलकावर असते. सभा भर दुपारी ठेवली जाते, म्हणजे ज्याची मजुरी बुडेल तो येऊ शकत नाही. इतिवृत्त आधीच लिहिलेले असते. वही घरोघर फिरते आणि सही किंवा अंगठा घेऊन परत जाते. स्त्री सदस्याचे नाव कागदावर आणि खुर्चीवर तिचा नवरा, हे दृश्य ग्रामपंचायतींतून शाळेतही आले आहे. याचा सारा दोष शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. माहित्या आणि अहवाल भरण्यात त्यांचाही दिवस जातो. शिवाय अडाणी म्हणून हिणवला गेलेला पालक आपल्याला शिक्षणातले काय कळते, या संकोचाने स्वतःच मागे राहतो.

हा संकोच अनाठायी आहे. खिचडीत डाळ किती आहे, हे सांगण्यास पदवी लागत नाही. पोषण आहाराचा दर्जा व स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता पाहणे हे समितीचेच काम आहे; रोज दोन आयांनी पाळीपाळीने जेवण चाखले तरी पुष्कळ साधेल. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे की कुलूप, हे आईइतके कोणाला समजणार? कायद्याच्या २४ व्या कलमान्वये मुलाची हजेरी व प्रगती पालकांना सभा घेऊन सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. तेव्हा निरक्षर बापालाही विचारता येते: माझी मुलगी वाचू लागली का? नसेल तर काय करणार आहात?

समितीचे मोल कळते ते ऊसतोडीच्या पट्ट्यात. दिवाळीच्या सुमारास जोडपी कारखान्यांकडे निघतात आणि मुलाचे नाव पटावर राहून मूल फडात जाते. ही गळती थांबावी म्हणून गावातच ठेवलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना समितीमार्फत चालविली जाते. तेथे समिती जागी असेल तर मूल जेवते आणि शिकते. समिती कागदी असेल तर हजेरी तेवढी जेवते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी येथे करावयाचे काम साधे आहे, पण चिकाटीचे आहे. सभा संध्याकाळी, मजूर घरी परतल्यावर व्हावी, असा आग्रह धरावा. इतिवृत्त सर्वांसमक्ष मोठ्याने वाचल्याखेरीज सही करू नये, हे पालकांना सांगावे. अनुदान किती आले, कशावर खर्च झाले, हे शाळेच्या भिंतीवर लिहिले जावे. विकास आराखडा वस्तीवर बसून तयार व्हावा. मात्र समिती आपल्या गटाची करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ज्या शाळेत गावचे राजकारण शिरते, तेथून शिक्षण बाहेर पडते. शिक्षकाला धाक घालणे हेही पालकांचे राज्य नव्हे. रिक्त जागा भरून घेण्यासाठी पंचायत समितीपुढे जे पालक शिक्षकाच्या बाजूने उभे राहतात, त्यांनाच त्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो.

ज्याला परवडते तो आपले मूल खासगी शाळेत नेतो. पट घटतो, आणि पट घटला म्हणून शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते. मागे राहतात ती शेतमजुरांची, भटक्यांची, एकट्या आईची मुले. त्यांना दुसरी शाळा नाही. ही शाळा सरकारची नाही, गावाची आहे, असे त्यांच्या आईबापांना ज्या दिवशी वाटू लागेल, त्या दिवशी ती बंद करणे कोणालाही सोपे जाणार नाही.