फ्रीजचा गॅस ‘संपत’ नाही



फ्रीज नीट थंड करेनासा झाला की आपल्याकडे घरातलं कुणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं, ‘गॅस संपला असेल.’ रत्नागिरी शहरात आणि आसपासच्या गावांत मी गेली तीस वर्षं फ्रीज दुरुस्त करतो आहे. मला येणारे बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतात. दुर्दैवाने काही दुरुस्तीवाल्यांनाही हे निदान फार आवडतं, कारण त्याचं बिल मोठं होतं. म्हणून आज सुरुवात गॅसपासूनच करू.

फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो एका बंद नळीत फिरत राहतो. मागे खाली जो काळा गोळा दिसतो तो कॉम्प्रेसर. तो गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो, मागच्या काळ्या जाळीत आपली उष्णता खोलीत सोडतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव एका अगदी बारीक नळीतून फ्रीजरच्या पत्र्यात शिरतो, तिथे उकळतो आणि उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. मग परत कॉम्प्रेसरकडे. म्हणजे फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तोच गॅस पंधरा-वीस वर्षंसुद्धा फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक पडलेलं आहे. भोक न शोधता नुसता गॅस भरून देणारा माणूस फुटक्या कळशीत पाणी ओततो आहे. कळशीही तुमची आणि पैसेही तुमचे.

गॅस खरोखरच गेला असेल तर त्याच्या खुणा दिसतात. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, पण मागची जाळी हाताला गरम लागत नाही. साध्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फ फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात धरतो, बाकी पत्रा कोरडा राहतो. अशा खुणा दिसल्या तर मेकॅनिकला बोलवा आणि त्याला दोन गोष्टी विचारा. भोक कुठे सापडलं? आणि मागच्या पट्टीवर कोणता गॅस लिहिला आहे? दुसरा प्रश्न जिवाचा आहे. पूर्वीच्या फ्रीजमध्ये जो आर-१२ असे, तो आकाशातला ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने बंद झाला. मग आर-१३४ए आला. आता घरगुती फ्रीजमध्ये मोठ्या प्रमाणावर आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो काही ग्रॅमच भरलेला असतो, पण जात आपल्या शेगडीच्या गॅसचीच, पेट घेणारी. शिवाय शेगडीच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला नसतो. म्हणून नळी कापणं, डाग देणं, गॅस भरणं ही कामं घरी मुळीच करायची नाहीत. बंद नळीच्या आत आपला हात नाही. पण बिघाडांचा मोठा हिस्सा या नळीच्या बाहेर असतो आणि तिथे घरच्या माणसाला बरंच काही करता येतं.

सर्वांत आधी फ्रीज कुठे उभा आहे ते पाहा. गणपतीत पाहुणे येणार म्हणून फ्रीज भिंतीला चिकटवतात, वर परड्या-टोपल्या रचतात, आणि दसऱ्याला मला फोन येतो. उष्णता बाहेर टाकायला वाट नसेल तर बिचारा कॉम्प्रेसर करणार काय? मागे वीतभर जागा सोडा. जाळी उघडी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने वर्षातून दोनदा तिच्यावरची जळमटं झाडा. नव्या फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेली असते. तेव्हा बाजू गरम लागली म्हणून घाबरू नका, तिचं कामच ते आहे.

आपल्या किनाऱ्याला यात एक जास्तीचा ताप आहे, खारा वारा. मांडवी, भाट्ये, मिऱ्या या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, खिडकीचे गजदेखील चार वर्षांत फुगतात. जाळीच्या नळ्या बहुधा लोखंडी असतात. रंग उडाला की गंज नळीच्या वळणावर बसतो आणि एक दिवस तिथेच टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. म्हणून फ्रीज समुद्राकडच्या खिडकीखाली किंवा उघड्या पडवीत ठेवू नये. ओलसर फडक्याने जाळी पुसून कोरडी करावी आणि गंजाचा ठिपका दिसला तर हलक्या हाताने साफ करून रंगाचा एक हात द्यावा. मिठाचं असंच वैर फ्रीजरच्या ॲल्युमिनियमशीही आहे. खारवलेली मासळी झाकणाच्या डब्यात ठेवा, खारं पाणी पत्र्यावर सांडू देऊ नका.

नंतर पाहायचं दार. दाराच्या रबरात एक कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटून आला तर तिथून हवा आत जाते. चारी बाजूंनी असं करून पाहा. पुष्कळदा रबर खराब नसतोच, त्याच्या घडीत पिठाचे कण, आमरसाचे ओघळ आणि पावसाळ्यातली काळी बुरशी बसलेली असते. कोमट पाण्यात साबण घेऊन जुन्या टूथब्रशने घासा आणि कोरडा करा. वाकडा झाला असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्यावर धरून हाताने आकार द्या. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले की दार आपसूक मिटतं. जुन्या घरांच्या उंचसखल जमिनीवर एवढ्यानेसुद्धा तक्रार मिटल्याचं मी पाहिलं आहे. पावसाळ्यात दाराच्या कडेला बाहेरून जे थेंब जमतात, तो मात्र बिघाड नव्हे. आपली हवाच दमट आहे. पुसून टाकायचे.

आता बर्फ. एकदारी फ्रीजमध्ये फ्रीजरला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा बर्फ चढला की डीफ्रॉस्टचं बटण दाबावं. हा थर म्हणजे पत्र्याने पांघरलेली गोधडी, तिच्यातून आतली उष्णता पत्र्यापर्यंत पोचत नाही. पण माणसाला धीर नसतो. बांगड्याची पिशवी बर्फात रुतली की हातात सुरी नाही तर उलथणं येतं. काकू, मावशी, कळकळीने सांगतो, सुरी लावू नका! पत्र्यातच गॅसची वाट आहे. एक टोचा बसला की सूंऽऽ आवाज येतो आणि तिथून पुढे सगळा खर्चच. प्लग काढा, दार उघडं टाका, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात पिशवी आपणहून सुटते.

बर्फ न धरणाऱ्या दोनदारी फ्रीजचं तंत्र वेगळं. त्यात थंड पत्रा मागे लपवलेला असतो, पंखा तिथली हवा फिरवतो आणि ठरावीक वेळाने एक हीटर पत्र्यावरचा बर्फ वितळवतो. ते पाणी एका भोकातून मागच्या थाळीत जातं. या भोकात कोथिंबिरीचं पान किंवा बर्फ अडकला की भाजीच्या ट्रेखाली पाण्याचं तळं होतं. प्लग काढून, सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं की वाट मोकळी होते. वर बर्फ घट्ट, पण खाली दूध नासतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. आधी आतल्या हवेच्या झरोक्यांना टेकवून ठेवलेले डबे हलवा. तरीही तसंच असेल तर मागे बर्फाची भिंत झालेली असू शकते. सामान शेजारी पाठवा, फ्रीज पूर्ण एक दिवस दार उघडं ठेवून बंद करा आणि मग चालू करून पाहा. चांगला चालला आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच झालं, तर हीटर किंवा त्याच्या साखळीतला एखादा भाग गेला आहे. मेकॅनिकला हीच हकिगत सांगा. ‘गॅस’ हा शब्द तुम्ही उच्चारू नका, त्याला उच्चारू दे.

बर्फाच्या खड्यांचं म्हणाल तर मिरकरवाड्याच्या बाजूला बर्फाचे कारखाने आहेत, तिथलं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. पाण्याचे पत्र्याचे डबे शून्याखाली नेलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे डब्याला थंडी चारी बाजूंनी भिडते. आपल्या ट्रेला ती फक्त खालून भिडते, आणि ट्रेखाली भुसभुशीत बर्फ असेल तर तेवढीही नाही. म्हणून ती जागा साफ करून ट्रे सपाट बसवला की बर्फ लवकर होतो. बर्फाला मासळीचा वास येतो ही तक्रार यंत्राची नाही, उघड्या ठेवलेल्या सुरमईची आहे.

हल्ली मुंबईची मुलं आईवडिलांना आपोआप बर्फ पाडणारे मोठे फ्रीज घेऊन देतात. वर्षभरात तक्रार येते, खडे अर्धवट होतात, पोकळ होतात किंवा होतच नाहीत. बर्फ थांबवण्याची दांडी चुकून वर गेली नाही ना, पाण्याचा फिल्टर मुदतीत बदलला का, नळी मागे दबली नाही ना, हे घरी बघता येतं. पण आपल्याकडचं कारण बऱ्याचदा टाकीत असतं. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो. आपली टाकी स्लॅबवर, म्हणजे फ्रीजच्या नळीपासून फार तर तीन-चार मीटर उंच. दाब भरला एक तृतीयांश किलो. या यंत्रांतल्या बहुतेकांना किमान दीड-दोन किलो लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. तिथे पाण्याचा छोटा पंप बसवावा लागतो. फ्रीज बदलून मिळवायचं काही नाही.

आता वीज. संध्याकाळी गावात दाब उतरला की कॉम्प्रेसर ‘घुंऽऽ’ करतो, ‘टक्’ करून बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा घुंऽऽ, पुन्हा टक्. अशा वेळी फ्रीज बंद करावा. ही टकटक तासन्‌तास चालू राहिली तर मोटार जळते. दाब ठीक असूनही टकटक चालूच असेल तर त्याचा रिले गेलेला असू शकतो, तो भाग स्वस्त आहे. लाईट गेली आणि लगेच आली तर पाच मिनिटं थांबून फ्रीज चालू करा, नळीतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. हा वेळ आपणहून पाळणारा स्टॅबिलायझर मिळतो.

फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र घरगुती उपाय एकच, मुख्य स्विच बंद करून, कोरड्या हाताने प्लग काढणं. रबरी चप्पल घालून दार उघडणं हा उपाय नाही, आणि तो मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. तीन पिनांतली जाडी पिन मोडून टाकलेली असते किंवा अर्थिंग नावालाच असतं. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोग उरत नाही. त्या दिवसांत त्यात पाणी घालायचं आणि वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं.

२२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं आणि फ्रीज आडवे होऊन तरंगले. पुढचे दिवस मी तिकडेच होतो. पाणी उतरल्यावर लोकांची पहिली इच्छा असते ती प्लग लावून बघण्याची. तो लावू नये. कॉम्प्रेसरचा गोळा डाग देऊन बंद केलेला असतो, त्याच्या आत बहुधा पाणी जात नाही. पण त्याच्या टोकांवर, रिलेत, वायरिंगमध्ये गाळ आणि ओल बसलेली असते, आणि घरही अजून ओलं असतं. आधी माणसाकडून सगळं उघडून, सुकवून, तपासून घ्यायचं. आडवा पडलेला किंवा टेम्पोतून आडवा आणलेला फ्रीज काही तास उभा ठेवल्याशिवाय तसाही चालू करायचा नसतो, कॉम्प्रेसरचं तेल नळीत गेलेलं असतं. पुराच्या पाण्यात भिजलेलं अन्न तर, डबा कितीही छान दिसला तरी, टाकूनच द्यायचं.

त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. लाईट गेली की दार उघडून ‘किती थंड आहे’ हे बघत बसू नये. दार मिटलेलं ठेवलं तर खालच्या कप्प्यातले पदार्थ साधारण चार तास टिकतात, ठासून भरलेला फ्रीजर त्याहून बराच जास्त.

आपल्याकडे घरं कुलूपबंद करून मुंबईला जाणाऱ्यांची संख्या मोठी. चार-सहा महिन्यांसाठी जात असाल तर फ्रीज रिकामा करा, बर्फ वितळवून आतून कोरडा पुसा, प्लग काढा आणि दारात गुंडाळलेलं फडकं अडकवून दार किलकिलं ठेवा. बंद ठेवलात तर गणपतीला आल्यावर आत बुरशीचं रान असेल. घरात लहान मुलं येणार असतील तर किलकिल्या दाराचं तोंड भिंतीकडे करा. आठ-दहा दिवसांसाठीच जाणार असाल आणि फ्रीज चालू ठेवणार असाल, तर निघण्याआधी फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवा आणि त्या बर्फावर एक रुपया ठेवून जा. परत आल्यावर रुपया वरच असेल तर मासळी खायला हरकत नाही. तो बर्फात खाली रुतलेला दिसला, तर मागे लाईट बराच वेळ गेली होती आणि सगळं एकदा वितळून पुन्हा गोठलं आहे. मग पिशवीची गाठ न सोडता ती तशीच माडाच्या मुळाशी पुरायची.