प्रश्न आधी, पद्धत नंतर



मराठीच्या प्राध्यापकाने वैद्यकीय संशोधनावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जुन्या पोथीचा काळ ठरवायचा की तिचा कर्ता, यावर अभ्यासकाची साधने ठरतात. रोग्यांच्या अभ्यासातही नियम हाच आहे.

मुधोळजवळून वाहणाऱ्या गोदावरीस पुढे प्राणहिता मिळते; तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेले दोन अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिला प्रश्न होता : खेड्यातील किती स्त्रियांना स्त्रीरोग आहेत? रुग्णालयाच्या नोंदवहीत केवळ तेथवर पोहोचलेल्या स्त्रियाच सापडणार. म्हणून दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी झाली. 92 टक्के स्त्रियांना विकार आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. हे निष्कर्ष 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मोजदादीच्या प्रश्नास अशी गावपाहणीच योग्य.

दुसरा प्रश्न निराळा : गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली, तर मृत्यू कमी होतात काय? येथे नुसती मोजदाद अपुरी पडते, कारण मृत्यू अन्य कारणांनीही घटू शकतात. म्हणून 39 गावांत ही सेवा दिली गेली आणि 47 गावे तुलनेसाठी घेतली. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. त्यामुळे दोहोंकडील आधीची स्थिती नोंदणे अधिकच अगत्याचे होते. 1993-95 मध्ये हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू अनुक्रमे 62 व 58 होते. 1997-98 मध्ये ते 25.5 व 59.6 झाले. ती 47 गावे नसती, तर या घटीचे श्रेय सेवेचे की काळाचे, हे सांगता आले नसते.

मात्र त्या 47 गावांतही बालके दगावत होती. तेथे नेहमीची सरकारी सेवा होती, तरीही हा विचार मनाला टोचतो. उपचाराचा गुण खरोखर अज्ञात असेल तोवरच अशी तुलना न्याय्य ठरते. तो सिद्ध झाल्यावर कोणास त्यापासून वंचित ठेवणे हा अपराध होय.

या शाळेतून वैद्यकाकडे वळलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे : 'औषधाने गुण आला' असे कोणी म्हटले, की 'कोणाच्या तुलनेत?' असे नम्रपणे विचारा. प्रश्न नेमका मांडला, की पद्धतीची वाट दिसू लागते.