अनवाणी पायाने मोटार चालविणे सुरक्षित आहे काय?
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



सकाळपासून आपण वाचन आणि गणित या विषयांवर विचारविनिमय केला. आता अध्यक्षांच्या आज्ञेवरून मी एका निराळ्याच विषयावर थोडा वेळ बोलणार आहे. विषयाचे नाव ऐकताच काहींच्या मुखावर हसू उमटले, ते स्वाभाविक आहे. परंतु या शाळेच्या आवारात आज उभी असलेली वाहने पाहावीत. एके काळी गुरुजी एस. टी.तून उतरून उरलेली वाट पायी तुडवीत असत. आज आपणांपैकी बरेच जण दुचाकीने किंवा मोटारीने शाळेस येतात, आणि जागा असली तर शेजारच्या गावच्या सहकाऱ्यांनाही बरोबर घेतात. तेव्हा चालकाच्या पायांचा प्रश्न हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही.

प्रथम कायद्याचे पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात चालकाने पायांत काय घालावे याविषयी कलम नाही. दुरुस्त तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या, तेव्हा चप्पल घालून वाहन चालविल्यास दंड होतो अशी वदंता गावोगाव पसरली. अखेर त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने खुलासा केला की, चप्पल, अर्ध्या बाह्यांचा सदरा किंवा लुंगी-बनियन यांसाठी दंडाची कोणतीही तरतूद नाही. ब्रिटनमध्येही अनवाणी चालविण्यास बंदी नाही. तेथील वाहतूक नियमावलीचा ९७ वा नियम एवढेच सांगतो की, पादत्राणे व कपडे यांच्यामुळे वाहनाचे नियंत्रण योग्य रीतीने करण्यास अडथळा येऊ नये. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. कारण दंड नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ होत नाही. विहिरीच्या काठावर बसण्यासही दंड नाही. तरी आपण मुलांना तेथे बसू देत नाही.

आता माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार शिक्षक पाचगणीहून वाईकडे पसरणीच्या घाटाने उतरत होतो. मोटार मी चालवीत होतो. पायांत जाड तळव्याची कोल्हापुरी चप्पल होती. तिला टाचेस पट्टा नसतो, त्यामुळे क्लचवरून पाय काढताना ती सारखी निसटू लागली. म्हणून मी ती काढली, पायांजवळच सरकवून ठेवली आणि अनवाणी चालवू लागलो. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला, तो दबेना. सरकवून ठेवलेली चप्पल पेडलखाली जाऊन अडकली होती. सुदैवाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मी हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूस घेतली. दगडाला घासून ती थांबली. दुसऱ्या बाजूस दरी होती. बराच वेळ आम्ही चौघेही एकमेकांशी बोललो नाही.

त्या दिवशी चूक अनवाणी पायाची नव्हती. काढून ठेवलेल्या चपलेची होती. जडत्वाचा नियम मी वर्गात कितीदा तरी शिकविला आहे. गाडीचा वेग कमी झाला तरी तिच्यातील सुटी वस्तू पुढे जाऊ पाहते. मग ब्रेक लावताच सुटी चप्पल पुढे, म्हणजे नेमकी पेडलखाली सरकणार, हे मला आधीच का सुचू नये? पाण्याची बाटली, मुलांचे खेळणे, नीट न बसविलेली पायपुसणी यांनाही हाच नियम लागू आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. पायाखाली काय अडकले हे पाहण्यास दोन सेकंद गेले, तर तेवढ्यात ३३ मीटर अंतर मागे पडते. हे अंतर शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून पाहावे, म्हणजे त्याचा अर्थ ध्यानात येईल.

मग नुसता अनवाणी पाय कितपत विश्वासाचा? त्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. पेडल किती दबले याची जाणीव उघड्या तळव्यास चांगली होते, आणि पायातून निसटण्यासारखे काही नसते. परंतु उणिवाही आहेत. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या काळ्या मातीतून आलेला ओला पाय पेडलच्या रबरावरून घसरतो. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे पेडल इतके तापलेले असते की पाय नकळत मागे येतो. शिवाय एकाएकी ब्रेक लावण्याचा प्रसंग आला, तर सर्व बळ एकवटून पेडल दाबावे लागते. सवय नसलेला उघडा तळवा तेथे कचरतो. आजच्या मोटारींत इंजिन चालू असताना ब्रेकला यंत्राचे साहाय्य मिळते. इंजिन बंद पडल्यास एकदोनदा दाबल्यावर ते साहाय्य संपते आणि पेडल दगडासारखे कठीण होते. म्हणूनच उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे हे अनवाणी चालविण्याहून कितीतरी अधिक घातक आहे. अपघातानंतर काचांच्या तुकड्यांवर किंवा तापलेल्या डांबरावर उतरावे लागते, हेही विसरू नये.

तात्पर्य, सर्वांत उत्तम म्हणजे टाचेस पट्टा असलेले, पातळ व न घसरणाऱ्या तळव्याचे पादत्राण. ते नसेल तर निसटत्या चपलेपेक्षा कोरडा, स्वच्छ आणि सरावाचा अनवाणी पाय बरा. मात्र काढलेली चप्पल मागच्या आसनाखाली किंवा सामानाच्या कप्प्यात गेली पाहिजे. कोल्हापुरी चपलेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. तिच्या भौगोलिक मानांकनात सातारा व सांगली हे आपले दोन्ही जिल्हे समाविष्ट आहेत, आणि ती बनविणाऱ्या कारागिरांचा आपणांस अभिमान आहे. ती चालण्यासाठी घडविलेली आहे, क्लचसाठी नव्हे, एवढेच.

दुचाकीच्या बाबतीत मात्र अनवाणी पायाला कोणतीही सबब नाही. तेथे पाय उघड्यावर असतो. गिअर बदलताना बोटे, थांबताना तळवा आणि तापलेल्या नळीजवळ घोटा, या सर्वांस इजा होण्याचा संभव असतो. त्याहून गंभीर गोष्ट मागे बसलेल्या मुलांची आहे. पाय टेकविण्याच्या दांडीपर्यंत ज्यांचे पाय पोहोचत नाहीत, अशा लहान मुलांची उघडी टाच चाकाच्या तारांत सापडते आणि जन्माची जखम होते. शाळा भरताना व सुटताना फाटकाशी उभे राहून आपण पालकांना दोन शब्द सांगू शकतो: मुलाच्या पायांत बंद बूट असावा, आणि चाकाच्या बाजूस जाळी असावी.

शेवटी एक नाजूक गोष्ट. नवरात्रात आपल्याकडे अनेक स्त्रीपुरुष नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत करतात. त्यांच्या श्रद्धेचा अवमान करू नये. परंतु व्रत करणाऱ्याचा नेम त्याच्या स्वतःच्या पायांपुरता असतो. गाडीत बसलेल्यांचा किंवा रस्त्यावरील पोराचा त्यात सहभाग नसतो. म्हणून त्या नऊ दिवसांत दुचाकी दुसऱ्याच्या हाती द्यावी किंवा एस. टी.ने जावे. मोटार चालविणे भागच असेल, तर गाडीत बसण्यापूर्वी पाय पुसावेत, पेडलखालची जागा पाहावी आणि रिकाम्या रस्त्यावर एकदा ब्रेक लावून पाहावा.

उद्या घरी जाण्यासाठी गाडीचे दार उघडाल, तेव्हा किल्ली फिरविण्यापूर्वी एकदा खाली वाकून पेडलखाली पाहा. यास क्षणभरही लागत नाही. त्या घाटात मी तेवढे केले असते, तर आज हे भाषण करण्याचे मला कारण पडले नसते.