मेंदूच्या तळाशी असलेले कडे



मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण प्राणवायू त्याला लागतो २० टक्क्यांच्या आसपास. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या तो पुरवितात. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात.

विद्यार्थ्यांनो, पुस्तकातल्या आकृतीत हे कडे पूर्ण व सुबक असते. तुमच्या-माझ्या डोक्यात ते तसेच असेल असे नाही. पुष्कळांत एखादा दुवा सुतासारखा बारीक असतो, एखाद्यात तो नसतोच. हा काही आजार नव्हे. जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु मानेतली एक धमनी तुंबली की फरक पडतो. कडे पूर्ण असेल तर दुसऱ्या बाजूचे रक्त मदतीला धावते. दुवा तोकडा असेल तर माणसाचे अर्धे अंग लुळे पडू शकते.

आपले कडे कसे आहे हे घरबसल्या कळत नाही. तेव्हा तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. दारव्हेकरांना त्यासाठी बहुधा यवतमाळच. गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच घातक ठरते. म्हणून स्कॅन आधी. निघताना त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.