खुर्सीपारची अँबेसेडर, एकास पस्तीस

मी छत्तीसगडमधून बोलतोय, भिलाईच्या खुर्सीपारमधून. मुंबई-हावडा मार्गाने कधी गेला असाल तर दुर्ग सोडल्यावर रायपूरच्या आधी खिडकीतून पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसल्या असतील. त्या कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेली कामगारांची वस्ती म्हणजे आमचं खुर्सीपार. इथे तेलुगू आहेत, ओडिया आहेत, बिहारी आहेत, छत्तीसगढी तर आहेतच, आणि विदर्भातून आलेले आमच्यासारखे मराठीही आहेत. १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच सुमारास आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले ते परत गेलेच नाहीत.

आता ही वस्तू कॅमेऱ्याजवळ धरतो. दिसतेय? पांढरी अँबेसेडर आहे. लांबी साडेबारा सेंटिमीटर. ही करायला मला सव्वा वर्ष लागलं आणि ती अजून पूर्ण झालेली नाही. का झाली नाही, ते पुढे येईलच.

आधी हा छंद काय आहे ते सांगतो, कारण माझ्या सासुरवाडीत अजूनही “जावईबापू खेळण्यांत रमतात” असंच म्हणतात. प्लास्टिकच्या मॉडेल गाड्यांचे संच मिळतात. खोक्यात तयार गाडी नसते. प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना शंभरेक बारीक भाग देठाने चिकटलेले असतात, द्राक्षाच्या घडासारखे. इंजिनाचे दोन अर्धे भाग, सीट, डॅशबोर्ड, सायलेन्सर, आरसे. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. मोटारींच्या संचांत १:२४ आणि १:२५ ही प्रमाणं जास्त चालतात. खरी गाडी चोवीस पट लहान केली की ती १:२४. अँबेसेडर सुमारे सव्वाचार मीटर लांब, म्हणजे या प्रमाणात ती अठरा सेंटिमीटरच्या आसपास येते.

प्रमाण म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नाही. लहानपणी एका दिवाळीत पुण्याला आत्याकडे गेलो होतो. वाड्यात पोरांनी किल्ला केला होता. अळीव पेरलेलं, गुहेत वाघ, बुरुजावर मावळे. मावळा बुरुजाएवढा होता आणि वाघ हत्तीच्या मापाचा. शेजारी कुणीतरी प्लास्टिकचं विमान ठेवलं होतं, ते वाघापेक्षा लहान. मी आत्याला विचारलं, “या वाघाने विमान खाल्लं तर?” सगळे हसले. पण मला ते खरंच खटकलं होतं. हे खटकणं ज्याला असतं, तो पुढेमागे या छंदात सापडतो. पुण्यातच कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. मोठेपणी ते पाहिलं तेव्हा वाटलं, हा माणूसही लहानपणी त्या वाघाला हसला नसेल.

माझा पहिला संच मामांनी मुंबईहून आणला होता. तेव्हा मी नववीत होतो. लाल रंगाची विलायती स्पोर्ट्‌स कार. पोर जोडेल म्हणून मामांनी आणली, पण मला ती रंगवायचीही होती. का, तर आमच्या बाबांचं डेंटिंग-पेंटिंगचं काम. खुर्सीपारमध्ये रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती. अपघाताच्या गाड्या यायच्या, बाबा हातोडी आणि डॉली घेऊन पोचे काढायचे, दुसरा एक कारागीर रंग मारायचा. शेडमध्ये एनसी थिनरचा डबा असायचाच. मी तो आणला, रंगात घातला आणि ब्रशने गाडीवर फिरवला. दुसऱ्या मिनिटाला छत मऊ पडलं. पाचव्या मिनिटाला गाडी लोण्यात बुडवल्यासारखी झाली. ते प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन, आणि पत्र्यावर जो थिनर बिनधास्त चालतो तो त्याला विरघळवून टाकतो. तुम्ही सुरुवात करणार असाल तर एवढं एक लक्षात ठेवा. पाण्याचे ॲक्रिलिक रंग घ्या आणि कुठलाही नवा द्रव आधी आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, थेंबभर लावून पाहा.

गंमत अशी की हेच विरघळणं या छंदाचा पाया आहे. संचाचा जो खास डिंक मिळतो तो खरं तर डिंक नसतोच. तो पातळ द्राव असतो. दोन भाग जुळवून सांध्यावर त्याचा थेंब सोडला की दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ होतं, एकमेकांत मिसळतं आणि द्राव उडून गेला की एकजीव होतं. म्हणजे वेल्डिंगच की. काचांना मात्र तो लावायचा नाही आणि फेव्हिक्विकही नाही, काच धुरकट होते. काचेला साधा पांढरा फेव्हिकॉल.

त्या विरघळलेल्या गाडीकडे बघून बाबा काही बोलले नव्हते. ते तसेही कमी बोलायचे. पुढे मी एकोणीस वर्षांचा असताना त्यांनी हातोडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि मी म्हणालो, “मला हा ठोकाठोकीचा धंदा करायचा नाही.” याच शब्दांत. आज मी एका गोदामात बिलिंग बघतो. शेड हळूहळू बंद पडली. विम्याच्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला लागल्या, पत्रा सरळ करण्याऐवजी पार्टच बदलायला लागले, आणि बाबांची सगळ्यात आवडती गाडी, अँबेसेडर, तिचं उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाड्याला थांबलं. हातोडीच्या आवाजाने बाबांचे कान गेलेत. आमच्यात बोलणं म्हणजे “जेवलात का” आणि “हो”. त्याला मीही कारण आहे, नुसते कान नाहीत.

लॉकडाऊनमध्ये मी पुन्हा संच मागवायला लागलो. दोन जपानी गाड्या केल्या. बऱ्या झाल्या. पण त्या गाड्या मी कधी रस्त्यावर पाहिलेल्या नव्हत्या. खोक्यावरचं चित्र बघायचं आणि तसं करायचं. मग वाटलं, आपली गाडी करू.

इथे थोडं मागे जातो. अमेरिकेत मिशिगन राज्यात एएमटी नावाची कंपनी होती. ती मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांची छोटी मॉडेलं बनवायची, गिऱ्हाइकाला दाखवायला. १९५८ मध्ये तिने सुटे भाग घालून जोडणीचे संच काढले, थ्री-इन-वन म्हणून. एकाच खोक्यातून तीन तऱ्हा: कारखान्यातून आली तशी गाडी, शर्यतीची गाडी, किंवा कस्टम. कस्टम का? कारण तिकडची तरुण पोरं तेव्हा जुन्या गाड्या घेऊन छत कापत होती, गाडी खाली बसवत होती, नाकावर ज्वाळा रंगवत होती. खोक्यात त्यांच्या गल्लीतली गाडी आली, एवढंच. आज आपल्याकडे ‘कस्टमायझेशन’ म्हटलं की पोरं त्याच ज्वाळा काढतात. मला त्यात राम वाटत नाही. खुर्सीपारच्या गल्लीत गाडीला काय व्हायचं? टपावर कॅरियर लागायचा. पुढे पाइपचा गार्ड लागायचा. मागच्या काचेला पडदा, बंपरला लिंबू-मिरची, सीटवर टॉवेल. आमचं कस्टम हे.

अँबेसेडरचा तसा संच माझ्या हाती कधी आला नाही. म्हणून बाजारात मिळणारी, मागे ओढून सोडायची खेळण्यातली गाडी घेतली. मोजली तर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १:३५. हे प्रमाण मोटारींचं नाही, रणगाड्यांचं. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून जो आकार ठरला तो १:३५ निघाला आणि पुढे जगभर रूढ झाला. त्यामुळे मला त्या मापाची माणसं, जेरीकॅन, दोर सगळं मिळतं. फक्त सैनिकाला लुंगी नेसवावी लागते.

खेळण्याचे स्क्रू काढून आतली स्प्रिंगची मोटर बाहेर टाकली. सीट प्लास्टिकच्या पत्र्यातून नवी केली. दारांच्या फटी कोरून खोल केल्या. हे फार महत्त्वाचं काम, आणि इथे शेडमधलं ज्ञान पुन्हा तोंडावर पडलं. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तोच थर १:३५ च्या मॉडेलवर बसला तर तो खऱ्या गाडीवर साडेतीन मिलिमीटर रंग थापल्यासारखा दिसतो. दाराची पाच मिलिमीटरची फट इथे ०.१४ मिलिमीटरची होते. दोन हात जास्त मारले की दार गायब. म्हणून रंग दुधासारखा पातळ करायचा, एअरब्रशने धुक्यासारखा मारायचा, वाळू द्यायचा, पुन्हा मारायचा. पांढरा सगळ्यात वाईट. झाकत नाही म्हणून हात जास्त पडतो आणि कडा गोल होतात. मी तीन वेळा सगळा रंग काढला. पॉलिश पेपर ८०० पासून २००० पर्यंत, पाण्यात भिजवून.

भिलाईत रंगाचं वेळापत्रक हवेवर ठरतं. मे महिन्यात रंग गाडीवर पोचायच्या आधीच वाळतो आणि अंगावर रवा बसतो. पावसाळ्यात लॅकर मारलं तर दमट हवेने पांढुरकं पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, गच्चीवर. धूळ बसू नये म्हणून वर पोळ्यांचा डबा उपडा. सुरुवातीला मी हे सगळं खोलीत करायचो, दार लावून. मुलीला रात्रीचा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कसला वास येतो का? त्या दिवसापासून घरात स्प्रे नाही. गच्चीवरसुद्धा तोंडाला फिल्टरचा मास्क. साधा कापडी चालत नाही.

गाडी चकचकीत झाली. पाटी लिहिली, सीजी ०७, दुर्गची. मी ती टीव्हीशेजारी वाळत ठेवली होती. बाबा चष्मा लावून वाकले.

“हे कोणाची गाडी होय?”

मी मोठ्याने एका ठेकेदाराचं नाव सांगितलं. त्यांची पांढरी अँबेसेडर नव्वदच्या दशकात आमच्या शेडमध्ये सारखी यायची. लहानपणी तिच्या स्टिअरिंगवर बसून मी तोंडाने हॉर्न वाजवायचो.

“मग सीजी कुठून आलं? एमपीची गाडी होती ते.”

बरोबर होतं. छत्तीसगड झालं १ नोव्हेंबर २००० ला. आणि तेव्हा खासगी गाडीची पाटी काळी असायची, अक्षरं पांढरी. मी पांढऱ्या पाटीवर काळी लिहिली होती. सव्वा वर्ष मिलिमीटर मोजणाऱ्या माणसाने राज्यच चुकवलं होतं.

मग त्यांनी गाडी उचलली. डेंटर पोचा डोळ्यांनी शोधत नाही, तळव्याने शोधतो. पत्र्यावर तळवा फिरवताना नजर दुसरीकडे असते. इथे तळवा मावत नव्हता. बाबांनी डोळे मिटले आणि करंगळीचं टोक डाव्या मडगार्डवरून फिरवलं. मागे, पुढे, पुन्हा मागे.

“हा मडगार्ड मी तीनदा सरळ केला. ट्रकनं ठोकला होता. इतका गोल तो कधीच नव्हता, बाबू.”

आणि मग बोलत राहिले. हेडलाइटच्या खाली पत्रा ताणला गेला होता, तापवून पाण्याने आवळावा लागला, तरी थोडा सपाटपणा राहिलाच. मालकाला घाई होती. रंग जुळवला, पण जुना पांढरा पिवळा पडला होता, त्यामुळे तो एकच मडगार्ड जास्त पांढरा दिसायचा. बाबांनी एवढी वाक्यं सलग बोललेली मी गेल्या वीस वर्षांत ऐकली नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी मडगार्डवरचा रंग उतरवला. प्लास्टिकला पोचा पाडायचा कसा? चमच्याची पाठ गरम पाण्यात तापवून दाबली तर आकार बदलत नाही आणि मेणबत्तीवर तापवली तर भोक पडतं. शेवटी आतून कानशीने प्लास्टिक पातळ केलं, बाहेरून थोडी पुट्टी, आणि घासायला बाबांच्या हातात दिलं. त्यांचा हात आता थरथरतो. मी म्हटलं, राहू द्या, मी करतो. ते म्हणाले, “तुला कुठं माहीत आहे किती सपाट होता?” तीन संध्याकाळ घासला. मग मी बाकी गाडीवर हलका पिवळसर हात दिला आणि मडगार्ड पांढरा ठेवला. आता प्रकाशात तिरकी धरतो, पाहा. डावीकडे फरक दिसतोय ना? नीट दिसत नसेल तर चांगलंच. शेडमध्येही तो मालकाला दिसू नये अशीच खटपट असायची.

पाटी बदलली. कॅरियर झाला, पितळी तारेचा, झाळून. लिंबू-मिरची झाली.

गेल्या रविवारी बाबांनी पुन्हा एकदा तपासणी केली आणि म्हणाले, “डिकीला तार होती.” कुलूप तुटलं होतं म्हणून मालकाने बंपरला तार बांधून डिकी अडकवलेली असायची. दोन मिलिमीटरची बांधायची तार. भागिले पस्तीस, ०.०५७ मिलिमीटर. घरातली वायर सोलून तिचा एकेक तंतू मोजून पाहिला, फार जाड. मुलगी बाजूला बसून हे सगळं बघत होती. तिने वेणीतला एक केस उपटला आणि माझ्यापुढे धरला. मोजला. ०.०६.

तो केस आता काळ्या कागदावर चिकटवून ठेवलाय. लोखंडी दिसेल असा राखाडी रंग त्याच्यावर बसत नाही, गोळा होऊन थेंब धरतो. आधी साबणाने धुवून पाहायचं ठरलंय.